वीस कमी

दौंडच्या स्टँडवर शिरूरची गाडी लागली, फारशी धक्काबुक्की न करता खिडकीजवळची जागा मिळाली, म्हणून मोनिकाला जरा बरं वाटत होतं. बरं वाटण्यासारखं त्या आठवड्यात दुसरं काही घडलंही नव्हतं. तेवढ्यात कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून तिच्या आणि वडिलांच्या सीटपाशी आला आणि तोंडभर हसला. हा ज्ञानू. न्हावऱ्याचाच, त्यांच्या भावकीतला, ओळखीचं माणूस दिसलं की तिकीट फाडायचं विसरून गप्पा मारत उभा राहणारा. "काय मोनिका! सीईटीला एकशे अडतीस पाडलं म्हणं! न्हावऱ्याचं नाव काढलंस बघ." मोनिकानं तोंड उघडलं. तिला एकशे अठ्ठावन्न पडले होते. दोनशेपैकी एकशे अठ्ठावन्न, आणि निकाल लागल्यापासून हा आकडा तिच्या जिभेवर असा बसला होता की झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तरी तोच बाहेर आला असता. पण "एकशे" एवढंच बाहेर पडलं आणि शेजारी बसलेल्या आप्पांचं कोपर तिच्या बरगडीत रुतलं. "व्हय, एकशे अडतीस," आप्पा म्हणाले. "देवाची किरपा. दोन शिरूर दे." ज्ञानूनं तिकिटं फाडली, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि पुढच्या सीटकडे वळला. गाडी सुरू झाली.

बरगडीत दुखत होतं. आप्पांचं कोपर रेल्वेतलं. पॉइंट्समन माणूस, उभा जन्म गाडीचं इंजिन सोडण्यात आणि जोडण्यात गेलेला, त्यांनी हळू मारलं तरी लागतं. पण दुखण्यापेक्षा तिला राग येत होता तो त्यांच्या चेहऱ्याचा. काही झालंच नाही असा चेहरा. खिडकीतून बाहेर बघत, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसलेला, शांत, समाधानी माणूस. "त्याला एकशे अडतीस कुणी सांगितले?" तिनं विचारलं. "आसंल कुनी सांगितलं." "आप्पा." "म्या सांगितलं. मंग? काय बिघडलं?" "माझे मार्क आहेत ते!" "म्हनून तर," आप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "समद्या गावाला खरा आकडा सांगून काय मिळायचंय? नजर लागती." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. दोन वर्षं ती सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी पुन्हा पुस्तक अशी राबली होती. क्वार्टरच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन गणितं सोडवली होती. त्यातले वीस मार्क आप्पांनी अलगद काढून कुठंतरी पुरून ठेवले होते, आणि वर पोरीचं भलं केलं असं त्यांना मनापासून वाटत होतं.

परीक्षेत चुकलं की मार्क कापतात हे तिला कळत होतं. बरोबर आल्यावर कापतात हे नवीन होतं.

पाटस आलं. साखर कारखान्याची चिमणी दिसली, गळीत संपल्यामुळे धूर नसलेली, आणि मोनिकाच्या डोक्यात एकदम वेगळीच कळ उठली. ज्ञानूला सांगितलं, गावाला सांगितलं, ते एक वेळ राहू दे. ज्ञानू काही तिला कॉलेजात घालणार नव्हता. पण आत्ता ते दोघं ज्यांच्याकडे चालले होते, त्यांना? शिरूरचे सोपानराव, निवृत्त हेडमास्तर, जातीतले पहिले शिकलेले. मेंढरांमागे फिरलेल्या घरांमधली जी जी पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायला निघाली ती सगळी त्यांच्या ओट्यावरून गेली होती. कुठला दाखला कुठे काढायचा, कुठल्या कॉलेजला किती मार्कांना लागतं, हे त्यांना तोंडपाठ. म्हणून तर आप्पांनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, सगळे अस्सल कागद नेऊन त्यांच्या कपाटात ठेवले होते. "मी बघतो" असं ते म्हणाले होते. आणि आठ दिवसांपूर्वी आप्पा शिरूरहून निरोप घेऊन आले होते: पुण्याच्या सरकारी कॉलेजला काही लागत नाही, गुरुजी म्हणतात, शिरूरच्या अलीकडे एक नवीन खाजगी कॉलेज निघालंय, गुरुजींची तिथं ओळख आहे, न्हावऱ्याला आजोबांकडे, आबांच्या घरी राहून येऊन-जाऊन करता येईल.

त्या दिवशी तिनं मान खाली घातली होती. एकशे अठ्ठावन्नला लागत नाही म्हणजे नाही, गुरुजींना जास्त कळतं. मग ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली होती. आठ दिवस ती स्वतःला शिव्या घालत होती, केमिस्ट्रीतला तो एक प्रश्न, गणितातले ते दोन, आणखी पाच मार्क पडले असते तर, आणखी सात पडले असते तर. जेवताना घास हातात धरून ती पेपर पुन्हा सोडवायची. आई म्हणायची, आगं जेव की, पेपर गेला कवाचा. आणि इकडे ते पाच नाहीत, सात नाहीत, चांगले वीस मार्क आप्पांच्या खिशात होते. "आप्पा," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला, "सोपानरावांना किती सांगितले?" आप्पांनी खिशातून रुमाल काढला, घाम नसलेला गळा पुसला, रुमालाची पुन्हा नीट घडी घातली. "आप्पा, त्यांना किती सांगितले?" "आता एकाला येक आन् दुसऱ्याला येक कसं सांगनार?" आप्पा म्हणाले. "सांगितलं तितकंच."

तिला ओरडावंसं वाटलं. गाडीत ओरडता येत नाही. समोरच्या सीटवर एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती आणि कोंबडी मोनिकाकडे टक लावून बघत होती. म्हणजे आप्पांनी खोटा आकडा सांगितला, गुरुजींनी त्या खोट्या आकड्यावर खरा सल्ला दिला, आणि तो सल्ला आप्पा देववाणी असल्यासारखा घरी घेऊन आले. आपणच पिकवलेला आकडा आपणच विकत घेतला, आणि वर पोरीला म्हणाले, गुरुजी म्हनतात, आता आपलं काय चालतंय. "अहो, तुम्हीच कमी सांगितले ना? मग ते नाही लागत असंच म्हणणार!" "आसं कसं? गुरुजींचा अनुभव मोठा हाय." "पण आकडा चुकीचा आहे!" "आकडा चुकीचा आसंल. अनुभव चुकीचा न्हाई." आप्पांशी वाद घालणं म्हणजे उभ्या मालगाडीला खांदा लावणं. ती नखं तळव्यात रुतवत बसली. वरवंड गेलं. कालव्याच्या कडेला कुणीतरी म्हशी धूत होतं.

हे सगळं मेंढरांतून आलेलं होतं, तिला ठाऊक होतं. आबांकडे, म्हणजे गेणबांकडे, पूर्वी मोठा कळप होता. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मग कळप गेला आणि कांद्याचा वाफा आला. पण ती लहान असताना सुट्टीत न्हावऱ्याला जायची तेव्हा अख्खी बरड मेंढरांनी भरलेली असायची आणि एखादा खाटीक किंवा व्यापारी येऊन विचारायचा, गेणबा, किती हायेत? आबा त्या भरलेल्या बरडीकडे पाठ करून म्हणायचे, हायेत की धा-पाच. व्यापारीही मान डोलवायचा. कुणी खरा आकडा विचारतच नव्हतं, कुणी सांगतच नव्हतं. आबा स्वतःसुद्धा मोजायचे नाहीत, तोंडं बघून ओळखायचे कोण आलं नाही ते. मोनिका पहिलीत होती. रेल्वे शाळेत शंभरपर्यंत आकडे शिकवले होते आणि ते कशावर तरी वापरून बघायचे होते. तिनं दगडावर उभं राहून एका दमात सगळी मेंढरं मोजली आणि तो आकडा मोठ्यानं ओरडून सांगितला, टाळ्या वाजवत. आबांनी नुसतं बघितलं. रागानं नाही, अंगणात कुणी नको ती वस्तू आणून टाकावी तसं. त्या पावसाळ्यात खुरकूत आली, पुष्कळ कोकरं गेली. तिला कुणी काही म्हणालं नाही. फक्त आजी, तानुबाई, मरेपर्यंत अधूनमधून हसत म्हणायची, हिनं मोजली व्हती गं बया, हिनं मोजली. हसतच म्हणायची. आजही ते हसणं आठवलं की मोनिकाच्या पोटात काहीतरी घट्ट होतं. खुरकुतीचं कारण तिला अकरावीच्या बायोलॉजीत कळलं होतं, विषाणूचं नावही पाठ होतं, तरीही पोट घट्ट व्हायचं ते व्हायचंच. आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

चौफुल्याला गाडी थांबली. आप्पा खाली उतरले आणि कागदात बांधलेले गरम शेंगदाणे घेऊन आले, पुडी तिच्या मांडीवर ठेवली. आप्पांचं हे असं. भांडण झालं की ते खायला आणतात. तिनं पुडी उघडली नाही, पण खालीही ठेवली नाही. कागदाची ऊब मांडीला लागत राहिली. "तिथं गेल्यावर तुम्ही सांगा," ती म्हणाली. "चुकून सांगितलं म्हणा." "चुकून कसं म्हनू? सोताच्या पोरीचं मार्क चुकतंय व्हय कुनाचं?" "मग खरं सांगा." "म्हंजी गुरुजींपुढं म्या लबाड ठरू?" "तुम्ही लबाडच बोललात." हे फार झालं, हे तिला बोलताबोलताच कळलं. आप्पांचे कान लाल झाले. ते हातातलं तिकीट दुमडत म्हणाले, "त्ये लबाड न्हाई मोनी. त्ये जपनं हाय. जे जपायचं त्ये कमी सांगायचं." गाडी वळण घेऊन न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. तिच्या रागाला धरायला जागा उरली नाही, आणि जागा नसलेला राग जास्त छळतो.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी आप्पांनी कमी करून सांगितली नव्हती. अजिबातच सांगितली नव्हती. मोनिकानं दुसरी परीक्षाही दिली होती, देशाची, एआयईईई. क्लासचे सर म्हणाले होते, ती आपल्या बोर्डाच्या पोरांसाठी नसते, एकाच दगडावर पाय ठेवा. तरी तिनं फॉर्म भरला. एप्रिलात पुण्याला एका अनोळखी शाळेत पेपर होता. आप्पा रजा टाकून आले होते आणि फाटकाबाहेर चिंचेखाली इतर बापांबरोबर बसले होते, त्या बापांच्या हातात इंग्रजी पेपर होते आणि आप्पांच्या हातात तिचा डबा. सीईटीसाठी क्लासमध्ये एकच मंत्र शिकवला होता, एकही गोल कोरा सोडायचा नाही, येत नसेल तर ठोकून द्या, चुकलं तर काही जात नाही. इथं तसं नव्हतं. इथं चुकलं की कापत होते. पहिला अर्धा तास तिचा हात नुसता फुरफुरत होता, सवयीनं गोल भरायला. मग एका प्रश्नापाशी ती थांबली. येत नव्हता. तिनं तो सोडून दिला, आणि ओझं उतरावं तसं खांद्यांतून काहीतरी खाली गेलं. जे येतं ते येतं म्हणायचं, जे येत नाही ते येत नाही. ठोकायचं नाही, लपवायचं नाही. त्या तीन तासांत तिला जितकं स्वच्छ वाटलं तितकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि निकाल लागला तो असा, की ओबीसीच्या यादीतून वारंगळचं सरकारी कॉलेज मिळू शकत होतं. सायबर कॅफेतल्या मुलानं दोनदा तपासून सांगितलं. आप्पांनी त्या कागदाकडे बघितलं आणि विचारलं, हे कुठं आलं? आंध्रात, ती म्हणाली. आप्पांनी कागदाची घडी केली. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. कुणी नको म्हणालं नाही, कुणी बरं म्हणालं नाही.

वारंगळ. कॉम्प्युटरवर तिनं एकदाच फोटो बघितला होता, लांब रस्ता, दोन्हीकडे झाडं, मुलींच्या होस्टेलच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे. ते कपडेच तिच्या डोळ्यांपुढे राहिले. कुणाकुणाचे कुठले कुठले कपडे, एका दोरीवर, आणि ते कुणाची कोण म्हणून विचारणारं कुणी नाही. दौंडला वाढलेल्या पोरीला लांबच्या गावांचं नवल नसतं. आप्पांचा डबा घेऊन ती फलाटावर जायची तेव्हा डब्यांवरच्या पाट्या वाचायची, हावडा, सिकंदराबाद, चेन्नई, आणि घोषणा ऐकून ऐकून तिला गाड्यांचे नंबर पाठ झाले होते. उत्तरेच्या गाड्यांचं इंजिन आप्पा इकडून सोडायचे आणि तिकडून जोडायचे. गाडी ज्या तोंडानं आली त्याच्या उलट तोंडानं निघून जायची, आणि आप्पा हातातला बावटा गुंडाळून घरी यायचे. ती स्वतः सोलापूरच्या पुढे कधी गेली नव्हती. आता दोन रस्ते होते आणि कागद एकच. सीईटीचे मार्क लावून पुण्याला जायचं तर अस्सल दाखले तिथं जमा करायचे. देशाची रँक लावून वारंगळला जायचं तर तेच दाखले नागपूरला काउन्सेलिंगला न्यायचे. तारखा एकमेकींना खेटून. परवा पुणं, तेरवा नागपूर. कुठला आकडा कुठे ठेवायचा ते आज ठरायला हवं होतं, आणि ठरवणारी माणसं कुठल्याच आकड्याचं नाव खरं घ्यायला तयार नव्हती.

पारगावचा पूल आला, भीमेत पाणी कमीच होतं. न्हावऱ्याला बरीच माणसं चढली आणि ज्ञानूला ऊत आला. "बघा बघा, कोन बसलंय! आपल्या गेणबाची नात. एकशे अडतीसवाली!" दोन माणसं वळून हसली. बयाबाई नावाची आबांच्या वाटेकरणीची सासू उसाच्या मोळीसकट आत आली होती, तिनं मोळी खाली ठेवून मोनिकाच्या गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "एकशे अडतीस! येवढं कुटं मावत्यात गं तुझ्या डोस्क्यात?" मोनिका हसली. हसावं लागलं. आणि हसताना तिला कसंतरीच झालं, कारण ही सगळी माणसं जिचं कौतुक करत होती ती कुणी दुसरीच पोर होती, तिच्यापेक्षा वीस मार्कांनी कमी हुशार असलेली, खाजगी कॉलेजात येऊन-जाऊन शिकणार असलेली, समाधानी. गाव त्या पोरीला ओळखत होतं. शिरूर येईपर्यंत गाडीत सगळ्यांना ती पोर माहीत झाली होती. एकशे अठ्ठावन्नवालीला गाडीत एकच माणूस ओळखत होता, आणि तो शेजारी बसून, तिनं न उघडलेली पुडी सोडून शेंगदाणे खात होता.

उतरल्यावर बाजारातून चालताना तिनं ठरवून टाकलं. आप्पा सांगणार नसतील तर आपण सांगायचं. आप्पांची मान खाली जाईल; जाऊ दे. मोठ्यांपुढे बापाला खोटं पाडलं असं गुरुजी म्हणतील, म्हणू देत. तिला धाप लागत होती आणि रस्ता तर सपाट होता. सोपानरावांच्या ओट्यावर चपला काढताना आप्पांनी तिच्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं असावं. त्यांनी चपला नेहमीपेक्षा सावकाश काढल्या.

सोपानराव झोपाळ्यावर बसले होते, पांढरा सदरा, चष्मा कपाळावर. त्यांच्या बायकोनं, रंगुबाईंनी, पाणी दिलं आणि चहा टाकायला त्या आत गेल्या. "या हनुमंता. पोरीला आनलीस, बरं केलंस. उद्या जाऊन त्या कॉलेजात नाव घालून टाकू. प्रिन्सिपॉल आपला विद्यार्थी हाय." आप्पा म्हणाले, "व्हय गुरुजी." मोनिकाला वाटलं आपण बोलणार नाही, बसून राहू, उद्या नावही घालून येऊ. आणि तेवढ्यात तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, नको तितका मोठा. "सर, मला एकशे अडतीस नाहीत पडले. एकशे अठ्ठावन्न पडलेत."

आतून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता तो थांबला. आप्पा फरशीकडे बघत होते. झोपाळ्याची कडी एकदा कुरकुरली. मोनिका वाट बघत होती, गुरुजी आता चष्मा खाली घेतील, आप्पांना म्हणतील, हनुमंता, हे काय? सोपानराव हसले. मनापासून, पोट हलेपर्यंत. "आगं मला ठाऊक हाय की! माझा बापबी मेंढरंच राखत होता. आपल्यात खरा आकडा कोन सांगतंय? हनुमंता एकशे अडतीस म्हनला तवाच मी वीस-पंचवीस वाढवून धरलं." मोनिकानं विचारलं, "मग... सरकारीला लागत नाही म्हणालात ते?" "लागतंय की. आरामात लागतंय. पन तुझा बाप माझ्यापुढं बसून आकडा पाडून सांगतोय, म्हंजी त्याच्या मनात पोरगी लांब धाडायची न्हाई. तोंडानं म्हनता येत न्हाई बिचाऱ्याला. मग मी म्हनलं, आपनच न्हाई लागत म्हनावं, त्याला बी सोपं, पोरीला बी वाईट वाटायला नको."

"न्हाई गुरुजी!" आप्पांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मोनिकानं असा कधी बघितला नव्हता, भर फलाटावर कुणी थोबाडीत मारावी तसा. "म्या तसं न्हवतं म्हनलं. म्या आपलं... नजर लागू न्हाई म्हनून. मला वाटलं तुमाला कळंल." "कळलं म्हनून तर," सोपानराव म्हणाले, आणि मग त्यांचंही हसू थांबलं. दोघांनीही एकमेकांचं मन राखलं होतं. मोनिकाला वाटलं आपल्याला आता फार राग येईल, इतका की काहीतरी फुटेल. पण आज सगळा रस्ता राग ज्यांच्यासाठी सांभाळून आणला होता ते दोन म्हातारे होत चाललेले पुरुष समोर ओशाळे होऊन बसले होते आणि त्यांच्यापैकी कुणीही तिचं वाईट करायला निघालेलं नव्हतं. मोरीत नळ सोडून ती रडली होती, आठ दिवस स्वतःला शिव्या घालत होती, ते कुणाच्याही वाईटपणामुळे नव्हतं. याहून चीड आणणारं दुसरं काही असूच शकत नाही, असं तिला वाटलं.

रंगुबाईंनी चहा आणून ठेवला. सोपानराव उठले, आतल्या कपाटातून कागदांची फाईल घेऊन आले आणि झोपाळ्यावर स्वतःजवळ ठेवली. "मग आता? हनुमंता, तूच बोल. पोरगी कुठं घालायची?" आप्पांनी बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग ते मोनिकाकडे वळले. सबंध वळले, खुर्चीसकट, आणि त्यांनी तिला ते विचारलं जे या सगळ्या दोन वर्षांत, दोन परीक्षांत, दोन निकालांत कुणी एकदाही विचारलं नव्हतं. "मोनी, तुला कुठं जायाचंय? खरं सांग. मनात आसंल त्ये सांग."

वारंगळ. शब्द तयार होता. दोरीवरचे कपडे दिसले, दोन्हीकडची झाडं दिसली. तिच्यापुढे आप्पांचा चेहरा होता, अजून उतरलेला, तिच्या उत्तराकडे जीव डोळ्यांत आणून बघणारा. एवढं मोठं असं सगळ्यांसमोर कसं म्हणायचं? म्हटलं आणि झालं नाही तर? म्हटलं आणि कुणाची तरी नजर लागली तर? पोटात ते घट्ट झालं, ओळखीचं. तिनं चहाच्या कपाकडे बघितलं.

"पुणं," ती म्हणाली. "पुण्याचं सरकारी मिळालं तरी बास."

"बघा!" सोपानराव खूश होऊन म्हणाले. "समजूतदार हाय पोरगी. परवाच जाऊ, पुन्याला." रंगुबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फाईल झोपाळ्यावरून तिच्या मांडीवर आली. आप्पा मात्र अजून तिच्याकडेच बघत होते. मेंढरांच्या घरातला माणूस. समोरच्यानं किती सांगितलं म्हणजे किती असतं हे त्यांना कळायला हवं होतं. "येवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली, आणि त्यांनी आणखी एकदा विचारावं म्हणून थांबली.

आप्पांनी मान हलवली, बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.